तीन नकाशांचा कोपरा

९ जानेवारी
स्टाफरूम, दुपारी

प्रिय ठोंब्या,

पाकिटावर तुझ्या नावामागे ‘प्राध्यापक’ लिहिलंय, आत मात्र तू ठोंब्याच. मावशीने हे नाव ठेवलं तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि सातचा पाढा विचारला की भिंतीकडे बघत बसायचास. पुढे बैजिक भूमितीत केवढं नाव काढलंस, आपल्या सरांचा सगळ्यात गाजलेला विद्यार्थी झालास, तरी माझ्या डोळ्यांपुढे तीच भिंत आणि तोच तू. मावसबहिणीला एवढा हक्क असतो. आणि ई-मेल का नाही म्हणून विचारू नकोस. आपलं पहिल्यापासून कागदावर चालत आलंय, आणि आकृत्या हाताने काढल्या की चुका लवकर दिसतात.

आता काम. माझा लेख जर्नलकडे जाऊन चौदा महिने झाले आणि रेफरीने, म्हणजे लेख तपासणाऱ्या परीक्षकाने, अजून हूं की चूं केलेलं नाही. एकसष्ट पानं आहेत, कबूल. पण चौदा महिन्यांत माणूस एकसष्ट पानं पाठ करून उलटी म्हणून दाखवेल! मला तर वाटायला लागलंय की लेख इतका वाईट असावा की बिचाऱ्याला ‘नाही’ कळवायचीही लाज वाटत असेल.

तुला तो दाखवला नाही म्हणून रुसू नकोस. कुणालाच दाखवला नाही. इंटरनेटवरही टाकला नाही. चूक निघालीच तर निदान दोन-तीन माणसांपुढे शोभा होईल, साऱ्या जगापुढे नको. एक प्रत संपादकांकडे, त्यांच्याकडून रेफरीकडे आणि एक माझ्या कपाटात. सरांना द्यायला गेले तर म्हणाले, ‘कच्चं वाचायचं माझं वय राहिलं नाही, छापून आलं की आण.’

इथे माझं टेबल अर्धं भूगोलवाल्या बाईंचं आहे. त्यांचे गुंडाळलेले नकाशे सारखे माझ्या वह्यांवर घरंगळतात. परवा त्यांनी विचारलं, ‘मॅडम, हे तुमचं स्टॅक म्हणजे असतं तरी काय?’ मी म्हटलं, समजा जगातल्या सगळ्या टेबलक्लॉथची यादी करायची, सारखे दिसतात ते एकदाच लिहायचे. झाली यादी. पण चौकोनी टेबलक्लॉथ चार तऱ्हांनी फिरवून पसरला तरी तस्साच दिसतो, ते यादीत कुठे आलं? वस्तू स्वतःशीच किती तऱ्हांनी जुळते हेही जी यादी विसरत नाही, ते स्टॅक. त्या म्हणाल्या, ‘त्याने काय बिघडतं?’ मी म्हटलं, तुकडे जोडताना बिघडतं. तर बाईंनी उलट मलाच शिकवलं. नकाशाची तीन पत्रकं भिंतीवर चिकटवताना पहिलं दुसऱ्याला बसतं, दुसरं तिसऱ्याला बसतं, तिसरं पहिल्याला बसतं, आणि तिघं जिथे भेटतात त्या कोपऱ्यात बोटभर फट राहतेच. जोडीजोडीत कुणाची तक्रार नाही, पण तिघांचं जमत नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सरांचा तीस वर्षांपूर्वीचा प्रश्न हाच की रे! ती फट कधी बुजते, आणि बुजत नसेल तर तिचं काय करायचं. तोच मी सोडवलाय.

तिसऱ्या भागात तुझं प्रमेय वापरलेलं नाही, जरा लांबचा रस्ता घेतलाय. त्यापायी वीस पानं वाढली. म्हातारीची हौस समज.

मी जूनमध्ये रिटायर होते. त्याचं काही नाही. पण दर गुरुवारी सरांच्या खोलीत पाय टाकला की ते पहिलं विचारतात, ‘छापून आलं का?’ सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नाही, हे आठवतं. डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर डोकं चाललं तर पुष्कळ. मला ते पान त्यांच्या हातात द्यायचंय, ते वाचू शकतात तोवर. तुझ्यासारखी माणसं रेफरीच्या खुर्चीवर बसतात, तुला रीत माहीत. संपादकांना आठवण करून देणारं पत्र टाकू का?

तुझी,
ताई


२७ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

पत्र मुळीच टाकू नकोस. रेफरी हा चिडका प्राणी. त्याला फुकट काम करायला लावलेलं असतं, वर कुणी डिवचलं की तो सरळ नकार लिहून मोकळा होतो. चौदा महिने म्हणजे काहीच नाही. माझ्या एका लेखाला अडीच वर्षं लागली होती आणि शेवटी रिपोर्ट आला तो दोन ओळींचा.

तुझा लेख मी पाहिलेला नाही, पण तू लिहिलायस म्हणजे पक्काच असणार. वाईट आहे वगैरे मनात आणू नकोस.

सरांकडे गेल्या महिन्यात जाऊन आलो. चहा झाला, खिडकीसमोरच्या पाण्याच्या टाकीवर कबुतरं बसतात त्यावर बोललो. गणिताचा शब्दही निघाला नाही. थकलेत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा माझ्या प्रमेयावर व्याख्यान आहे. सोळा वर्षं झाली, लोकांना कंटाळा कसा येत नाही कोण जाणे. तू लांबचा रस्ता का घेतलास? सहज विचारतोय.

तुझा,
ठोंब्या


२१ फेब्रुवारी
स्टाफरूम

प्रिय ठोंब्या,

तू म्हणालास म्हणून पत्र टाकलं नाही. त्याऐवजी जे केलं ते ऐकून तू माझं नाव टाकशील.

सोमवारी स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘मॅडम, तुमच्या त्या संशोधनाचं कुठवर आलं?’ आवाजात थट्टा नव्हती, हेच वाईट. बाकीचे चहाच्या कपात बघू लागले. गेल्या मीटिंगलाही मी ‘वाट बघतेय’ म्हणाले होते, त्याच्या आधीच्या मीटिंगलाही. या खेपेला माझ्या तोंडून निघून गेलं, ‘स्वीकारला.’

टाळ्या झाल्या, ठोंब्या. भूगोलवाल्या बाईंनी तर मला मिठी मारली.

मंगळवारी सकाळी जिन्याजवळच्या सूचनाफलकावर प्राचार्यांच्या स्वतःच्या अक्षरात अभिनंदन लागलं. काच लावून वर कुलूप. मी दिवसातून सहा वेळा त्या जिन्याने जाते. आता मागच्या दाराने, सायकलस्टँडकडून वळसा घालून वर्गावर जाते. साठ वर्षांची बाई, मुलांच्या समोर सायकली ओलांडत. सदतीस वर्षं पोरांना सांगत आले, उत्तर आलं नाही तर कोरं सोडा पण शेजाऱ्याचं बघून लिहू नका. आणि मी न आलेलं उत्तर लिहून बसले. रात्र झाली की त्या टाळ्या ऐकू येतात.

लांबच्या रस्त्याचं समोरासमोर भेटशील तेव्हा सांगेन. पत्रात नको.

ताई


३ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून बसूनच राहिलो. तू काही मोठं पाप केलेलं नाहीस. तो लेख स्वीकारला जाणारच आहे, तू थोडं आधी सांगितलंस एवढंच.

मला वाटतं रिपोर्ट आता लवकर येईल. काही बदल सुचवतील. ते निमूटपणे कर. रेफरीशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. जून हातचा जाऊ देऊ नकोस.

घाईत आहे.

ठोंब्या


२ एप्रिल
घरी, सकाळी

प्रिय ठोंब्या,

रिपोर्ट आला. तुझ्या तोंडात साखर पडो म्हणणार होते, पण आधी पुढचं वाच.

निकाल बरोबर आहे म्हणतो. महत्त्वाचा आहे म्हणतो. छापावा म्हणतो. अट एकच: तिसरा भाग पूर्ण काढून टाकावा आणि त्या जागी एक ओळ लिहावी, की हे अमुक प्रमेयावरून लगेच मिळतं. अमुक म्हणजे तुझं. संपादकांनी तीन आठवडे दिलेत. वीस पानं फाडायची, एक ओळ लिहायची, आणि मेच्या अखेरीस स्वीकारपत्र माझ्या हातात. फलकावरचं खोटं आपोआप खरं होईल आणि सरांना सांगता येईल.

आता जे समोरासमोर सांगायचं होतं ते इथेच सांगते.

तुझं प्रमेय उभं राहत नाही, ठोंब्या. तू प्रत्येक जोडीत एक जुळणी निवडतोस आणि पुढे जातोस. तिघांच्या कोपऱ्यात त्या जुळण्या एकामागून एक लावत फेरी मारली तर निघालो तिथे परत यायला हवं, ते तू तपासलेलं नाहीस. वस्तूंना त्या टेबलक्लॉथसारखी सममिती नसेल तर आपोआप परत येतो. असेल तर येतोच असं नाही. म्हणून तर मी लांबून गेले. फट बुजवायच्या भानगडीत न पडता फट जपून बरोबर नेली, आणि चार पत्रकं भेटतात तिथे त्या फटीच एकमेकींत बसतात हे दाखवलं. तिसरा भाग काढला तर लेखात काही उरत नाही.

मला हे सहा वर्षांपासून माहीत आहे. मी तुला सांगितलं नाही.

तुला दुखवायचं नव्हतं असं मी स्वतःला समजावत होते. ते खरं नाही. सोळा वर्षांपूर्वी तुझी कच्ची सिद्धता पहिल्यांदा कुणी वाचली? मी. परीक्षेच्या हॉलवर सुपरव्हिजन करता करता, पोरांच्या पुरवण्या वाटता वाटता. नेमक्या त्या चुकीच्याच पानाच्या समासात लाल पेनने ‘ठीक’ लिहिलं. तू माझे जाहीर आभार मानलेस. तुझी चूक उघडी पडली की माझं ते ‘ठीक’ही उघडं पडलं असतं. म्हणून वीस पानांचा वळसा घातला आणि कुणाला एका ओळीनेही कळू दिलं नाही की का. बघ, तेव्हापासूनच सायकलस्टँडकडून जातेय मी.

आता संपादकांना काय लिहू ते तू सांग. चूक तुझी आहे, ती सांगायचा हक्क तुझा. मी तुझ्याआधी तोंड उघडणार नाही.

ताई

ता. क. सरांचं डोकं आता फारच घसरलंय. मागच्या गुरुवारी म्हणाले, ‘ठोंब्याला तुझ्या लेखातली पान चाळीसवरची चार टोकांची आकृती फार आवडली.’ तू लेख पाहिलेलाच नाहीस.


८ एप्रिल

ती. ताईस,

तुझ्या पत्राने मला धक्का बसला. तू म्हणतेस ते बरोबर असेलही, पण सोळा वर्षांत एवढ्या लोकांनी ते प्रमेय वापरलं, कुणालाच कसं दिसलं नाही? मला नीट बसून तपासावं लागेल. दोन-तीन महिने तरी लागतील.

तोवर माझं ऐक. रेफरी म्हणतो तसं कर. तिसरा भाग सध्या काढ. चूक निघालीच तर मी मागाहून दुरुस्ती छापेन, तेव्हा तो भाग वेगळा लेख म्हणून येईल. तुझा जून साधेल, सरांना आनंद होईल. यात कुणाचं नुकसान आहे?

सरांचं मनावर घेऊ नकोस. या वयात माणसं काहीही बोलतात.

ठोंब्या


१४ एप्रिल

माननीय परीक्षक महोदय,

लेखिकेला परीक्षकाचं नाव कळू नये असा नियम आहे, म्हणून आपलं नाव लिहिलेलं नाही. पत्ता मात्र लिहिला आहे. एरवी हे उत्तर संपादकांमार्फत यायचं. घरचाच पत्ता पाठ असल्याने सरळ पाठवते.

आपण माझा लेख सतरा महिने वाचलात याबद्दल आभारी आहे. तिसरा भाग काढावा या आपल्या सूचनेबाबत माझं म्हणणं असं.

तीन पत्रकं आहेत. माझ्या मावसभावाने मला लिहिलं, लेख पाहिलेला नाही आणि सरांशी गणिताचा शब्दही काढला नाही. सर मला म्हणाले, मावसभावाला पान चाळीसवरची आकृती आवडली. आणि सरांनी लेख उघडलेला नाही हे मला माहीत आहे. दोघादोघांत बघितलं तर सगळं बसतं: मावसभाऊ खरं सांगतो, सर म्हातारे झालेत. फेरी पूर्ण केली की मात्र कोपऱ्यात फट राहते.

पहिल्या खेपेला मी दोष सरांच्या डोक्याला दिला. तसं आपल्याला लिहूनही कळवलं. त्याची मला लाज वाटते.

गेल्या गुरुवारी मी सरांना विचारलं, कुठली आकृती हो? त्यांनी चष्म्याच्या डबीतून घडी घातलेला कागद काढला. औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू. त्यावर माझी आकृती, माझी अक्षरं, आणि बाणांची टोकं भरीव काळी केलेली. बाणांची टोकं अशी भरायची सवय मी एका मुलाला तो नववीत असताना लावली होती. सर म्हणाले, ‘किती सुंदर आहे बघ, मी जपून ठेवलंय.’

तिसरा भाग मी काढणार नाही. तो काढून छापण्यापेक्षा लेख परत आलेला बरा. प्रमेय चुकीचं आहे हेही मी लिहिणार नाही, ते ज्याचं त्याने लिहावं. मला संपादकांना तेवीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तोवर वाट पाहते.

आपली,
लेखिका


२६ एप्रिल

ताई,

‘ती.’ लिहायला हात धजावत नाही. माझ्याकडून ते तुला आता शोभायचंही नाही.

रेफरी मीच. तुझं पत्र आलं तेव्हा मी ते दारातच उभं राहून वाचलं. ‘माननीय’ वाचलं आणि आत जाता येईना. तिथेच पायरीवर बसलो.

पहिल्यापासून सांगतो. संपादकांनी लेख पाठवला. नात्यातला लेख आला तर परत करायचा असतो, हे मला माहीत होतं. आपली आडनावं वेगळी, त्यांना कळणार नव्हतं. मी ठेवून घेतला. तेव्हा मनात पाप नव्हतं, एवढं मान. वाटलं, ताईचा आहे, महिनाभरात वाचून पास करू, आणि तिला कधीच सांगायचं नाही. आवडीने वाचत होतो. तिसऱ्या भागाशी आलो आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. हिने माझं प्रमेय टाळलं! तुला चिडवायला म्हणून मी तीच गोष्ट माझ्या प्रमेयाने अर्ध्या पानात करून दाखवायला बसलो. अर्ध्या पानाची तीन पानं झाली. तिसऱ्या पानावर कोपरा बसेना.

नऊ दिवस मी तो कोपरा बसवायचा प्रयत्न केला. दहाव्या दिवशी तुझा लेख खालच्या खणात ठेवला आणि वर सोळा वर्षांची प्रशस्तिपत्रकं रचली. ही खुर्ची, हे नाव, सगळं त्या प्रमेयावर उभं आहे. तुझा लेख छापून आला असता तर पहिलाच वाचणारा विचारता झाला असता, बाईंनी लांबचा रस्ता का घेतला? म्हणून मी तुला स्मरणपत्र टाकू दिलं नाही. म्हणून तो भाग काढायला सांगितलं. तू खोटं प्रमेय वापरावंस आणि त्यावर तुझं नाव असावं, हे मी शुद्धीवर असताना लिहिलं, ताई. ‘मला धक्का बसला’ म्हणून तुला कळवलं तेव्हा मला ते पंधरा महिने ठाऊक होतं.

आणखी एक आहे, ते तुला कुणीच सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. फेब्रुवारीतल्या त्या व्याख्यानात एका विद्यार्थिनीने हात वर करून नेमकं विचारलं, तिघांच्या कोपऱ्यात हे जुळतं का? मी हसून म्हटलं, ‘सोपं आहे, घरी करून बघा.’ सभागृह हसलं. पोरगी लाल होऊन खाली बसली. तिचं बरोबर होतं, आणि ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आकृतीचं मात्र मी ठरवून केलं नाही. सरांसमोर बसलो होतो, ते म्हणाले, ‘काहीतरी नवीन दाखव रे.’ माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. तुझीच गोष्ट तेवढी सुंदर होती.

बावीस तारखेला मी संपादकांना सगळं लिहिलं, नातं, खण आणि चूक. माझा रिपोर्ट मागे घेतला. ते लेख दुसऱ्याकडे पाठवताहेत, पूर्ण एकसष्ट पानं. प्रमेय चुकीचं असल्याचं दोन पानी निवेदन जाहीर केलंय, ज्यांनी ज्यांनी ते वापरलं त्यांना एकेक पत्र लिहितोय. त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, ‘मी घरी करून बघितलं होतं सर.’ निवेदनात तुझ्या ‘ठीक’चा उल्लेख केलेला नाही. तो समास माझा होता.

लेखात परीक्षक म्हणून माझं नाव घाल, आणि मी काय केलं तेही. माझी हरकत नाही.

मग सरांकडे गेलो. आत पाय टाकताच त्यांनी विचारलं, ‘तिचं छापून आलं का?’ मी म्हटलं, ‘नाही सर. माझ्यामुळे राहिलं.’ सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तू?’ एवढंच. ती नजर मी विसरणार नाही.

त्यांना मात्र पाच मिनिटांत विसर पडला. कामाच्या बाईने चहा आणला, सरांनी कपातून मान वर केली आणि हसून विचारलं, ‘अरे, तिचं छापून आलं का? सतरा महिने झाले म्हणतात. रेफरी चांगला असणार, ओळ न् ओळ वाचत असेल.’ मला ‘अजून नाही’ म्हणून सुटता आलं असतं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच ‘तू?’, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. त्या दुपारी त्यांनी सात वेळा विचारलं, ताई. मी साती वेळा सांगितलं. एकदाही ते सोपं झालं नाही.

तुझा


११ डिसेंबर
घरी

ठोंब्या,

‘प्रिय’ अजून लिहवत नाही. पण पाकिटाच्या आत ‘ठोंब्या’ लिहिलंय एवढं बघ. एप्रिलच्या पत्राला आज उत्तर देतेय, त्याबद्दल माफी मागत नाही.

दुसऱ्या रेफरीने पाच आठवड्यांत वाचला. ऑगस्टमध्ये स्वीकारला, परवा छापून आला. पार्सलमध्ये दोन प्रती आहेत. एक तुझी.

तुझं निवेदन वाचलं तेव्हाच मी प्राचार्यांकडे जाऊन कुलपाची किल्ली मागितली. ‘का?’ म्हणाले, तेही सांगितलं. फलकावरचा कागद स्वतः काढला. भूगोलवाल्या बाई बाजूला उभ्या होत्या, त्यांनी टाचण्या हातात धरल्या. जूनमध्ये निरोपाच्या वेळी लेखाचं कुणीच नाव काढलं नाही. ते मला पोचलं. त्यानंतर वर्गाकडे समोरच्या जिन्याने गेले, शेवटची.

तुझ्या निवेदनाचं उरलेलं अर्धं मी पूर्ण केलंय. जर्नलकडे चार ओळी पाठवल्यात, की मूळ सिद्धता छापण्यापूर्वी मी तपासली होती आणि सहा वर्षं गप्प राहिले. समास तुझा असेल, लाल पेन माझं होतं. तेवढी लाज माझी मला ठेवू दे.

आभाराच्या ओळीवर दोन दिवस अडले. ‘अनामिक परीक्षकांचे आभार’ लिहायची रीत आहे. खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी ठेवली, अनेकवचनातच, त्यात तूही आलास. नाव घातलं नाही. परीक्षकाचं नाव छापत नाहीत, आणि छापलं असतं तर तू सुटला असतास.

आता सरांचं. एप्रिलमध्ये त्यांनी भिंग घेऊन तुझ्या चिठ्ठीवरची आकृती वाचली होती. परवा मी छापलेला लेख त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा धरला. मी सरळ करून दिला, पान चाळीस काढून दिलं. त्यांनी आकृतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘कागद छान आहे.’ मला ते आता ‘बाई’ म्हणतात. वर्षभर आधी आला असता तर त्यांनी वाचला असता. हे मी तुला माफ केलेलं नाही, आणि केलंय असं तुला वाटू द्यायचंही नाही.

पण एक अजून शिल्लक आहे. कुणाचं ते आठवत नाही, काय ते कळत नाही, तरी दारात माणूस दिसला की ते विचारतात, ‘छापून आलं का?’

या गुरुवारी मी जात नाही. तू जा. तुझी प्रत बरोबर ने. ते विचारतील, तू ‘हो सर, आलं’ म्हण. पाच मिनिटांनी परत विचारतील, परत म्हण. संध्याकाळपर्यंत बस आणि जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा सांग. प्रत्येक खेपेला त्यांचा चेहरा कसा होतो ते बघ, आणि मला लिही.

ताई